पुढचीनंच बोलायचं

आमच्या सायकलवाल्यांच्या टोळीला नाव नव्हतं, पण कायदा होता. रस्त्यात कोणी काही विचारलं, टोमणा मारला, तर जी पुढे असेल तिनंच उत्तर द्यायचं. मागच्यांनी तोंड मिटून पायडल मारायचं. चौघींनी एकदम तोंड उघडलं की लोक जमतात आणि लोक जमले की उतरावं लागतं, हे बडनेऱ्याच्या रस्त्यावर आम्ही सुरुवातीलाच शिकलो होतो.

चौघी म्हणजे अमरावतीच्या मुलींच्या शाळेतल्या आम्ही दोघी मास्तरणी, बायकांच्या दवाखान्यातली एक नर्स आणि एका वकिलाची बायको. वकिलाची बायको उंच आणि गोड बोलणारी. "कोणाच्या वं तुमी? नवरे कोठी हायेत?" असं एखाद्या गाडीवानानं हटकलं की ती म्हणायची, "घरी भाकरी थापून राह्यले, काका." तो हसून होईपर्यंत आम्ही पार पुढे गेलेल्या असायचो. म्हणून पुढे बहुधा तीच. मला मात्र तो मान एकमतानं नाकारला होता. एकदा चुकून दिला, तर मी खाली उतरून एका उपरणंवाल्या सद्गृहस्थाशी अशी भांडले, की त्या रविवारी आमची फेरी तिथंच संपली. माझा पारा चटकन चढतो. अजूनही चढतो, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी म्हटलं, आता अकोल्याला जायचं. सायकलीनं.

माझी मुलगी अकोल्याला होती. नवरा गेला तेव्हा ती रांगत होती. मी मास्तरकी शिकायला अमरावतीला आले आणि ती सासूबाईंजवळ मळ्यात राहिली. मला नोकरी लागली की मुलगी माझी, असं ठरलं होतं. नोकरी लागली, खोली घेतली, रांगणारं पोर परकर नेसायला लागलं, तरी दर सुट्टीत सासूबाईंचा तोच सवाल: "तू एकली बाई. रात्री पोरीले ताप भरला तं दवाखान्यात कोण नेईन?" मी हमरीतुमरीवर येई, आणि दीर टांगा घेऊन मला स्टेशनावर पोचवत. आणायला टांगा, पोचवायला टांगा. जिला स्वतःलाच पोचवावं लागतं, तिच्या हाती पोर कशी द्यावी, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं? हे लिहितानाही मला राग येतो, पण ते खरं आहे.

मैत्रिणींनी एका शब्दानं विचारलं नाही, की आगगाडीनं का नाही जात. नर्सबाईंनी रजा काढली. वकिलाच्या बायकोनं नवऱ्याला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, नवा टायर मिळणं कठीण, म्हणून दोघींच्या टायरवर जुन्या रबराची ठिगळं लावून घेतली.

पहाटे निघालो. रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या. मुर्तिजापूर ओलांडलं आणि माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मी सगळ्यात शेवटी होते. आता हाक मारायची की नाही? कायदा आठवला. पुढचीनंच बोलायचं! मी शहाण्यासारखं तोंड मिटून, बसलेल्या चाकावर धडधडत गेले, आणि शेवटी सायकलीसकट तुरीच्या वावरात आडवी झाले. तिघी बरंच पुढे जाऊन परत आल्या तेव्हा मी तुरीच्या शेंगा खात बसले होते. "अगं, हाक तरी मारायची!" "कायदा कोणी केला?" मी म्हटलं. नर्सबाई हसता हसता बांधावर बसल्या. मग त्यांनीच ट्यूब बाहेर काढली, आणि जखम बांधावी तशा मन लावून तिला ठिगळ लावलं.

बोरगावपासून माझ्या मांड्या भरून आल्या. समोरून वारा. उतरून चालावं असं मनात येई, आणि लगेच तो टांगा डोळ्यांपुढे येई. मी दात आवळून पायडल मारत राहिले. उतरायचं नाही. काही झालं तरी उतरायचं नाही.

उन्हं कलताना अकोल्याच्या कडेला मळ्याची वाट आली. तिथं वकिलाची बायको थांबली. "आता तू पुढे हो," ती म्हणाली. "इथं तुलाच बोलायचं आहे."

सासूबाई विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथं, मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या पाठीला टेकून मेथीचे देठ मोडत होती. चार सायकली दारात पाहून त्यांचे हात थांबले.

"काहून वं? कशानं आली?"

"सायकलीनं आले, आत्याबाई. अमरावतीहून."

"या तिघी कोण?"

"माझ्या मैत्रिणी. त्यांतल्या या दवाखान्यात नर्स आहेत, माझ्या गल्लीतच राहतात." मला धाप लागली होती, आणि वाटभर जुळवलेलं भांडण एकाएकी तोंडात येईना. "पोरीला ताप भरला तर मी नेईन. मी नाही तर यांच्यातली कोणीतरी नेईल. आमच्यात कोणाला मागे सोडून जात नाहीत."

माझी मातीनं भरलेली चोळी, खरचटलेलं कोपर, सगळं सासूबाईंनी पाहून घेतलं. मग नवी जुडी हातात घेतली. तिचा बंद काही केल्या बसेना.

"नेशीन तू," त्या म्हणाल्या. "आता समजलं मले. ने तुई पोरगी."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मान खाली घातली.

"पण ताप आला तं मले तार करजो वं माय. मले काई सायकल येत नाई. पण मी येईन."

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले आणि बंदाचं दुसरं टोक धरलं.