सोलल्या जाणाऱ्या संताचं पान

ईरा, नील, तुमच्या मालूआजीच्या डाव्या तळव्यावरचा व्रण तुम्ही दर सुट्टीत बोटाने चाचपायचात आणि ती दर वेळी सांगायची, "फणस चिरताना विळी लागली." फ्रँकफर्टमध्ये विळी आणि फणस! तुम्ही हसायचात. गेल्या महिन्यात मी सकाळचा चहा गाळत असताना तिच्या सहकारी उटेचा फोन आला... मालू कामाच्या टेबलाशीच गेली होती. खरं सांगायला आता ती नाही. तिचा हात चिरला त्या दिवशी मी तिथे होते, म्हणून लिहिते.

माझी ही धाकटी बहीण मध्ययुगातल्या ख्रिस्ती प्रार्थनापोथ्या दुरुस्त करायची. हाती लिहिलेल्या, तळहाताएवढ्या, वासराच्या कातड्याच्या पानांच्या. कडेला सोन्याच्या वर्खाची वेलबुट्टी, स्ट्रॉबेरी, गोगलगायी. आणि मधे उडवलेली मुंडकी, पापी माणसं चावणारा नरकाचा जबडा. "हे बघत प्रार्थना करायच्या?" मी विचारलं. "आपली महिषासुरमर्दिनी काय भाजी चिरतेय का, ताई?" सोन्यावरची काजळी ती कापसाचा बोळा जिभेवर ओला करून टिपायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, "अगं, पोथीला उष्टं?" ती म्हणाली, "थुंकीइतकं सौम्य औषध नाही. इथे सगळे हेच करतात." मला मात्र बोट ओलं करून पान उलटू द्यायची नाही.

एका बाईंनी अशी एक पोथी तिच्याकडे दिली होती. त्या वारल्या आणि त्यांचे दोन मुलगे ती न्यायला आले. मी मालूचा डबा घेऊन तिथे गेले होते. थोरला म्हणाला, "चित्रं माझी, मजकूर तुझा." धाकटा म्हणाला, "आईची पोथी आहे, सॉसेज नाही!" थोरल्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. धाकट्याच्या नाकातून रक्त आलं, तो टेबलावर आदळला, दिवा फुटला. थोरल्याने मालूची धारदार सुरी उचलली आणि एक चित्र उघडलं. त्यात एका संताची कातडी जिवंतपणी सोलत होते. त्याने पान शिवणीलगत कापायला सुरुवात केली. "नाइन! नाही!" म्हणत मालूने त्यावर तळवा ठेवला. सुरी थांबली नाही.

मी टॉवेल घेऊन धावले. "ताई, थांब. आधी पान," ती म्हणाली. चिरलेला हात तिने टेबलाबाहेर धरला, त्यातून फरशीवर धार लागली होती. उजव्या हाताने बोळा जिभेला लावून ती सोन्यावरचं रक्त टिपत राहिली. बोळा लाल झाला की दुसरा... स्वतःचं नाक गळत असताना धाकट्याने मफलर काढून तिचं मनगट आवळलं. थोरला कोपऱ्यात पांढरा पडला होता. "मला हात दिसलाच नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मालू मान वर न करता म्हणाली. "चित्र दिसलं, हात दिसला नाही. सुरी खाली ठेव."

त्याने ठेवली. वाटणीचं नाव पुन्हा निघालं नाही. भावांनी पोथी ग्रंथालयाला दिली. मालूची दोन बोटं नंतर कधी नीट मिटली नाहीत. पोळी लाटताना ती हवेत राहायची.

परवा उटे मला ती पोथी दाखवायला घेऊन गेली. शिवणीलगत, संताच्या पायाशी बोटभर लांबीची चीर आहे. मालूने पातळ पापुद्र्याने ती सांधली, पण लपवली नाही. सांध्यात एक तपकिरी ठिपका आहे; तिथवर थुंकी पोचली नसावी. पोथी सबंध आहे. एकही पान कमी नाही.