तांदळेसरांच्या हातांनी

दुपारचे सव्वादोन. डबा संपलाय, भाकरीबरोबर भरलं वांगं जरा जास्तच झालंय, आणि मी छापखान्याच्या टेबलावर डोकं टेकवलंय. झोपायला नाही हं! पाच मिनिटं डोळे मिटायला. पंचवीस वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितेय मी, दुपारी कामाच्या जागी झोपले असं एकदाही झालेलं नाही.

गालाखाली रद्दीचे जाड कागद आहेत. ब्रेलचे, म्हणून टोचतात. हा सांगलीतल्या एका अंधशाळेचा छापखाना. नाव छापखाना, खोली एकच. एक कॉम्प्युटर, एक कागदावर ठिपके उठवणारं यंत्र आणि मी लिहिलेला प्रोग्राम. इकडे मराठीत टाइप केलं की तिकडून ब्रेलचा कागद बाहेर येतो.

उशाशी माझ्या हातचा एक कागद आहे. 'प्रोग्राममध्ये दोष नाही.' खाली सही तेवढी राहिलीय. साडेतीनला तो मुख्याध्यापिका लेंगरेबाईंना द्यायचा. दिला, की शबाना मुजावरला छापखान्यातून उठवून फोनवर बसवणार. शबाना इथली टायपिस्ट, स्वतः अंध. चाचणीत भूगोलाच्या पेपरातला शेवटचा प्रश्न छापलाच गेला नाही, मग विज्ञानातही तेच झालं. सगळे म्हणतात, पोरगी घाई करते, शेवटची ओळ विसरते. ती म्हणते, "मॅडम, मी टाइप केली होती. लिहितानाच कॉम्प्युटरनं मला वाचूनसुद्धा दाखवली." आज सकाळपासून मी चाळीस वेळा छापून बघितलं. चाळीसच्या चाळीस वेळा शेवटची ओळ आली. मग मी तरी काय करू?

यंत्र बंद आहे, तरी खडखडतंय. खडखड कमी कमी होते आणि घुंगरं वाजायला लागतात.

रसवंतीच्या चरकाची घुंगरं आहेत ती. मी बाकावर बसलेय आणि समोर तांदळेसर. पांढरा शर्ट, खिशाला कधीच न वापरलेलं पेन, मांडीवर घडी केलेली काठी. सर मार्चमध्ये गेले. मला ते माहीत आहे, त्यांनाही माहीत असावं, पण रस पिताना असला विषय कोण काढतो?

तांदळेसर शाळेत ब्रेल शिकवायचे. जन्मापासून अंध. शबाना त्यांचीच विद्यार्थिनी. आणि माझ्या प्रोग्रामला दहा वर्षं धारेवर धरणारा माणूसही हाच. चूक सापडली की एका कागदावर ब्रेलमध्ये दोनच शब्द छापायचे आणि तो माझ्या हातात द्यायचे. 'परत बघ.' बोटांनी नाही, पण डोळ्यांनी तेवढं ब्रेल वाचायला मी त्यामुळेच शिकले.

"दोन हाफ, बर्फ नको," सर रसवाल्याला सांगतात. मग माझ्याकडे वळून, "काय गं शैला, फार माजलीस म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"चाळीस वेळा छापलंस म्हणे."

"छापलंच. एकदा चुकेल तर शपथ. माझा प्रोग्राम आहे, सर, कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही."

"जूनमध्ये नवा केलास ना? मला दाखवणार होतीस."

मी रसाचा ग्लास बाकावर ठेवते. फेब्रुवारीत सरांचा फोन आला होता. नवीन काय करतेयस, दाखव की, म्हणाले. मी म्हटलं, पुरा होऊ दे सर, अर्धवट काय दाखवायचं, जूनमध्ये येते. सरांचा हात न लागलेला माझा हा पहिलाच प्रोग्राम.

"चुकलं माझं," मी म्हणते. "तेव्हाच यायला पाहिजे होतं. मला फार आठवण येते, सर, तुमची."

"ते नंतर. आता दाखव."

बाक लांबत जातो, त्याला पायऱ्या लागतात. आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलोय आणि कॉम्प्युटर खालच्या पायरीवर मांडलाय. वायर सरळ पाण्यात गेलीय. धुणं धुणाऱ्या बायका ती जरा बाजूला सारतात आणि धूत राहतात. मी पाच ओळी टाइप करते, माऊस धरते, छापायच्या बटणावर टिचकी मारते. पाण्यातून कोरडा कागद वर येतो. सर त्यावरून बोट फिरवतात.

"पाच," ते म्हणतात.

"मी काय सांगत होते!"

"मग शबाना खोटं बोलते?"

"खोटं नाही हो. घाई करते."

"पोरीला मी शिकवलंय. घाईत ती काय करत नाही, सांग."

"परत ऐकत नाही. निवांत असली की वरच्या ओळीवर जाते, सगळ्या ओळी कॉम्प्युटरकडून वाचून घेते, मग छापते. घाईत असली की लिहिलं की छापलं."

"आणि परत ऐकलं की?"

"की पेपर बरोबर येतो," मी म्हणते. हे काहीतरीच आहे. ऐकल्यानं ओळ छापली जायचं काय कारण? आणि न ऐकल्यानं ती गळायचं तरी काय कारण?

"तुझ्या हातात काय आहे?" सर विचारतात.

"माऊस."

"सोड तो उंदीर."

सर त्याला उंदीरच म्हणायचे. दहा वर्षं त्यांनी तो ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला होता. बाहेर ठेवला तर कागद कुरतडेल म्हणायचे. मी हात सैल सोडते आणि तो पायऱ्या उतरून बायकांच्या बादल्यांमागे निघून जातो.

लाईट जाते. घाटावर भर दुपार होती, तरी लाईट जाते आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी असते. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. सर ओट्याला टेकलेत, हे त्यांच्या श्वासावरून कळतं.

"मोहरी दे," ते म्हणतात.

मी मिसळणाच्या डब्यात हात घालते आणि मोहरीची चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवते.

"दिसत नसताना कशी दिलीस?"

"त्यात काय! हाताला ठाऊक असतं."

"मग छापायचं पण हातानं. माझ्या."

ते माझ्या हातावर हात ठेवतात. बोटांची टोकं तशीच खरखरीत, हात तसाच गरम. मला रडू येतं आणि मी ते येऊ देते, अंधारात कोण बघतंय! ओट्यावर कीबोर्ड आहे. मी टाइप करते. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी लिहून होते आणि आमचा हात सगळ्यात वरच्या रांगेतल्या नऊ नंबरच्या कळीवर, एफ-नऊवर, जातो. ही कळ मीच दिलीय, जूनमध्ये, शबानाच्या सोयीसाठी. बटण शोधत फिरायला नको, असशील तिथूनच छाप. मोठ्या हौसेनं दिली होती.

मी ती दाबते.

"ओळ सोडून कुठे गेलीस?" सर विचारतात.

"कुठेच नाही. इथेच आहे."

"आणि मघाशी, उंदीर होता तेव्हा?"

"तेव्हा ओळ सोडून बटणावर..." माझा हात थांबतो. "अगं बाई गं!"

माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीला वेगळा रकाना आहे. रकाना सोडून बाहेर पडलं की आतला मजकूर जपून ठेवायचा, असं मीच लिहून ठेवलंय. माऊसनं बटणावर गेलं की रकाना सुटतो. ऐकायला वरच्या ओळीवर गेलं तरी सुटतो. पण शेवटची ओळ लिहून जागच्या जागी नऊ नंबर दाबला, तर रकाना सुटतच नाही. ओळ पडद्यावर असते, कानाला ऐकू येते, आणि छापायला जातात त्या फक्त आधीच्या.

"चारच येतील, सर."

"बोलू नको. मोज."

कढईतून कागद वर येतो, वाफाळता. मी ठिपक्यांवरून बोट फिरवते. चार ओळी.

"म्हणजे ती विसरत नव्हती," मी म्हणते. "मी सांगितलं तस्संच करत होती. आणि मी चाळीस वेळा डोळे उघडे ठेवून बघत बसले!"

"मग दोष कुणाचा?"

"माझा."

"दहा वर्षांत पहिल्यांदा एका फटक्यात कबूल झालीस," सर म्हणतात आणि खळखळून हसतात.

"सर, तुम्ही बरे आहात ना तिकडे?"

"मला काय धाड भरलीय? तू ऊठ. तीन वाजले."

"मॅडम, तीन वाजले."

शबाना दारात उभी आहे. खांद्याला पिशवी. पिशवीतून तिच्या ब्रेलच्या पाटीचा कोपरा आणि चहाच्या कपाचा कान बाहेर आलाय. पोरीनं आवरून ठेवलंय सगळं. 

"पिशवी ठेव खाली," मी म्हणते. "आणि इकडे ये."

मी माऊसची वायर उपसते आणि तो ड्रॉवरमध्ये टाकते. डोळे मिटते. पाच ओळी लिहिते आणि तिथूनच नऊ नंबर दाबते. यंत्र खडखडतं. कागद मी शबानाच्या हातात देते. "वाच."

तिची बोटं सरकतात आणि थांबतात. "पाचवी नाही आली, मॅडम," ती घाबरून म्हणते. "पण मी हातसुद्धा लावला नव्हता."

"नाही आली!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडते की शेजारच्या वर्गातला पाढा थांबतो. "शबाना, अगं नाही आली!"

दुरुस्ती बोटभर आहे. छापण्याआधी, हात ज्या रकान्यात असेल तो आधी जपून ठेवायचा. वीस मिनिटांत होते. मग मी शबानाला खुर्चीवर बसवते आणि सांगते, कर आता घाई, तुला हवी तेवढी. ती दहा वेळा छापते, कुठेही न थांबता, काही परत न ऐकता. दहाही कागदांवर पाच ओळी येतात. शेवटच्या कागदाला ती नाकाशी धरून हसते.

साडेतीनला लेंगरेबाई येतात. तोवर मी जुना कागद फाडून नवा लिहिलाय. 'दोष प्रोग्राममध्ये होता. तो मी केला आणि मीच काढला. शबाना मुजावर यांची काहीही चूक नाही.' सही ठळक.

बाई दोनदा वाचतात. "म्हणजे सहामाहीचे पेपर?"

"शबानाच छापणार. आणि नवा प्रोग्राम झाला की आधी तिच्या हाताखालून जाणार, मगच पास होणार."

बाई शबानाकडे बघतात, मग पिशवीकडे. "कप काढ गं बाहेर," त्या म्हणतात, "चहा सांगितलाय." आणि माझ्याकडे वळतात. "शैलाताई, गालाला काय झालंय? कांजिण्या की काय?"

मी गालाला हात लावते. कातडीवर बारीक खळगे पडलेत, रांगेनं. शबाना टेबल चाचपते. जिथे मी डोकं टेकलं होतं, तिथला वरचा कागद ती उचलते. तिचं बोट त्यावरून एकदा फिरतं, मग पुन्हा, सावकाश.

"मॅडम, हा तर सरांचा कागद आहे. रद्दीत कसा आला?"

"काय लिहिलंय?"

"परत बघ."

 मी गालावरचा हात तसाच ठेवते. खळगे अजून हाताला लागतायत.

"बघितलं, सर," मी म्हणते.