सुकवारोबाईला वाचून दाखवलेला ठराव

हे आजवर कोणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं सोपं नाही, डब्यात उरलेल्या पोळीवरून ती माझा दिवस ओळखते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात भेटलात आणि मान वळवून पुढे गेलात, तरी मला ते कळणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगावं लागेल. हसू नका, सगळं तिथूनच आहे.

माझे बाबा रेल्वेत होते, विदर्भातून रायपूरला आलेले. गुढियारीच्या बाजूला आमचं क्वार्टर होतं. मालधक्क्यावरच्या हमालांना, गँगमनांना गावाकडून पत्रं यायची, आणि ती वाचून दाखवायला ते माझ्याकडे यायचे. माझा आवाज स्वच्छ होता, शब्द तुटत नसे. एकदा एका म्हाताऱ्याला मी त्याच्या पत्रातली म्हैस मेल्याची ओळ गाळून उरलेलं वाचलं — त्याला वाईट वाटू नये म्हणून. बाबांनी ते पत्र नंतर पाहिलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "पोट्ट्या, दुसऱ्याचं वाचतानी आपल्या पदरचं काही घालू नको, अन् गाळू बी नको. त्याले डोळे नाहीत म्हणून तो तुह्याकडे आला हाय."

आज मी चौबे कॉलनीत राहतो. गणपतीत आमची मराठी मंडळी मला माइकपुढे उभं करतात. "काय स्वच्छ वाचता हो तुम्ही!" म्हणतात. मी तेव्हा माइक पुढच्याच्या हातात देतो.

तर — राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. मी जनपद पंचायतीत बाबू होतो. जनपद म्हणजे तालुकाभरच्या ग्रामपंचायतींचं ऑफिस; गावांचा निधी, गावांची कामं, गावांची रडगाणी सगळी आमच्या टेबलावरून जायची. शहराबाहेर नवी राजधानी वसवायची होती, तिकडे जाणारा रुंद रस्ता तयार होत होता, आणि त्या रस्त्याला लागून एक गाव होतं. गावाचं नाव सांगत नाही. तेवढं धैर्य अजूनही नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत सचिवाची जागा रिकामी होती, म्हणून त्या गावाचा कारभार लिहायचं काम माझ्याकडे आलेलं.

सरपंच होती सुकवारोबाई. राखीव जागेवर निवडून आलेली, चाळिशीची, अंगठेबहाद्दर. गावाच्या उताराला नीचे पारा नावाची वस्ती आहे, ती तिथली. नीचे पाऱ्यात पाण्याची एकच हापशी. वरच्या गावाचं सगळं सांडपाणी त्या हापशीभोवती येऊन साचायचं — काळं, बुडबुडे येणारं, डुकरं लोळायची असं. बायका त्या चिखलात दगड मांडून त्यावर उभ्या राहून पाणी भरायच्या. दर पावसाळ्यात पोरांना हगवण लागायची. बाई निवडून आली ती एका शब्दावर: हापशीपासून तलावाच्या बांधापर्यंत पक्की नाली करीन. बस्स. दुसरं काही तिनं मागितलंच नव्हतं.

त्या वर्षी गावाला निधी आला. एक काम होईल एवढाच. ग्रामसभा भरली आणि सगळा गाव एका आवाजात नाली म्हणाला. वरचे लोकसुद्धा — त्यांना वासाचा त्रास होताच. मी कच्च्या वहीत ठराव लिहून घेतला, लोक घरी गेले. पक्क्या रजिस्टरात तो उतरवून सरपंचाचा अंगठा घ्यायचं तेवढं राहिलं. ते नेहमी मागाहून, ऑफिसात व्हायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या जनपदच्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर एका कमानीचं चित्र होतं. दोन खांब, वर दोन सिमेंटचे हत्ती, मध्ये 'आपका स्वागत है'. साहेब म्हणाले, "बाहर से मेहमान इसी सड़क से जाएंगे. नाली कौन देखेगा, भाई? ठराव में गेट लिख दीजिए. बाई को आप संभाल लेंगे, आप तो समझदार आदमी हैं."

आता इथे तुम्हाला वाटेल, याला धमकावलं असेल. बदलीची भीती घातली असेल, बस्तरच्या टोकाला पाठवू म्हणाले असतील. मलाही पुष्कळ वर्षं तसंच आठवायचं होतं. पण नाही — साहेबांनी धमकी दिलीच नाही. पैसेही दिले नाहीत. ते मला समझदार म्हणाले. चपराशी दारात उभा असताना म्हणाले. आणि मी फुगलो. एका शब्दाची किंमत एवढीच होती माझी! गल्लीतलं कुत्रंसुद्धा निदान भाकरीचा तुकडा बघून शेपूट हलवतं.

मी कच्च्या वहीतलं पान फाडलं, रजिस्टरात कमान लिहिली. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता. सर्वसंमतीनं, असंही लिहिलं.

दुपारी सुकवारोबाई आली. एकटीच, तीन कोस चालत. तिची एक सवय होती. कागद वाचून दाखवला की ती त्यावर तळहात ठेवायची, जसं आपण तवा तापला का बघतो तसा, आणि "हव" म्हणायची. हव म्हणजे हो. मगच अंगठा. त्याआधी एकदा वाचून तिचं भागत नसे.

मी रजिस्टर उघडलं. खरं सांगतो, काय करायचं ते तोवर ठरलं नव्हतं. वाटलं होतं, वाचायची वेळच येणार नाही, 'तेच आहे' म्हणून अंगठा घेऊन टाकू. पण ती खुर्चीच्या कडेला टेकली, पदर नीट केला आणि म्हणाली, "पढ़ के सुना दे, बाबू."

आणि मी वाचलं. नाली वाचली.

समोर कमान लिहिलेली, आणि मी फाडलेल्या पानावरची नाली वाचतोय. बोट ओळींवरून फिरवतोय. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "एक बेर अउ." पुन्हा एकदा. पहिल्यांदा जीभ घसरली असं म्हणता आलं असतं, पण दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मला आठवून आठवून तेच शब्द, त्याच क्रमानं लावावे लागले, कारण ती ऐकणारी बाई होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तिनं धरलं असतं. माझे डोळे रजिस्टरातल्या कमानीवर, तोंडात नाली, आणि आवाज — तो तसाच स्वच्छ. बाबांची आठवण आली का, असं विचाराल. आली नाही. तेव्हा फक्त शब्द चुकू नयेत याची काळजी होती.

तिनं पानावर तळहात ठेवला. "हव," म्हणाली. अंगठा दिला. जाताना म्हणाली, "तोर आवाज बने हे, बाबू." तुझा आवाज छान आहे.

दोन महिन्यांत रस्त्यावर कमान उभी राहिली. पिवळी, हत्तींच्या सोंडा वाकड्या. आठ दिवसांत तिच्या खांबांवर गुटख्याच्या पिचकाऱ्या पडल्या. मागे नीचे पाऱ्यात हापशीभोवती तेच काळं पाणी.

गाव पेटलं. आम्ही सभेत नाली म्हटलं आणि ही बाई मागाहून एकटी ऑफिसात जाऊन कमानीवर अंगठा देऊन आली — गावाला दिसलं ते एवढंच. ठेकेदाराकडून खाल्लं असणार, दुसरं काय? पंचांनी अविश्वास प्रस्ताव आणला. मतं घ्यायला तहसीलातून एक अधिकारी गावात आले, मी रजिस्टर घेऊन त्यांच्या बाजूला बसलो. नीचे पाऱ्याचा सगळा जमाव खिडक्यांना चिकटून उभा.

अधिकाऱ्यांनी ठराव दाखवला. बाई म्हणाली, मी नालीला अंगठा दिला. ते म्हणाले, इथे गेट लिहिलंय. तेव्हा ती उभी राहिली आणि तिनं ठराव म्हणून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. 'सर्वसम्मति से', 'प्राथमिकता क्रम एक' — जे शब्द तिच्या घरात कोणी कधी उच्चारले नसतील, ते सगळे. माझे शब्द होते ते. माझ्यासारखी जागोजागी थांबतही होती.

विचार करा — शाळेची पायरी न चढलेली बाई असली सरकारी हिंदी कुठून आणेल? तिथे एकालाही हा प्रश्न पडू नये? एक पंच हसला, "रट के आय हे!" पाठ करून आलीय म्हणे. मग सगळेच हसले. खिडकीतले तिचे लोकसुद्धा.

तिनं माझ्याकडे हात केला. "बाबू ह पढ़े रिहिस. दू बेर पढ़े रिहिस. पूछ लेवव." बाबूनंच वाचलं होतं, दोनदा; त्यालाच विचारा.

अधिकारी माझ्याकडे वळले. "क्यों बाबूजी, क्या पढ़ा था?"

मी म्हणालो, "जो लिखा है वही पढ़ा था, सर."

हे असं बसल्या जागी, पेनचं टोपण लावता लावता म्हणालो. तिच्याकडे बघितलं नाही असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. बघितलं. ती रागावलेली नव्हती. आपणच चुकीचं ऐकलं की काय, असा चेहरा होता तिचा, क्षणभर. स्वतःच्या कानांवरचा तिचा विश्वास मी डळमळवला. मला सगळ्यात जास्त घाण वाटते ती या क्षणाची.

मतं पडली, बाईचं सरपंचपद गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना — तर चोर त्या दिवशी टेबलाच्या अधिकाऱ्यांकडच्या बाजूला बसला होता आणि मतांचे कागद उलगडत होता.

घरी आलो. बायको म्हणाली, "आज असे काहून चूप बसून राहिले? बरं नाही काय तुम्हाले?" मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "ऑफिस का टेंशन है पापा को." मी जेवलो. वाटतं ना, घास उतरला नसेल? उतरला. दोनदा भात घेतला. चांगली भूक लागली होती.

तिला गावात 'गेटवाली' म्हणू लागले. तिच्याच पाऱ्यातल्या बायका. ती हापशीवर आली की त्या आपल्या घागरी उचलून बाजूला होत, म्हणून ती हापशी सोडून तलावाचं पाणी भरायला जाऊ लागली. हे मला तिथल्या नव्या सरपंचानं सांगितलं, हसत. मीही हसलो.

पुढे चारेक वर्षांनी ती ऑफिसात आली. केस पांढरे झालेले. टेबलावर अर्ज ठेवला: त्या ठरावाची नकल पाहिजे. अर्ज तिच्या हातचा होता — वाकडी, मोठी मोठी अक्षरं, ओळ खाली घसरलेली. गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा, तिथे शिकली होती. खाली अंगठा नव्हता, सही होती.

मी रजिस्टर काढलं, पानाची झेरॉक्स करून आणली. जुन्या सवयीनं वाचायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तैं झन पढ़. मैं पढ़हूँ." तू नको वाचूस, मी वाचते.

आणि तिनं वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. स्वा... ग... त... द्वा... र. तिथे थांबली. पुन्हा मागे जाऊन वाचलं. पान अर्धंच होतं, पण तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ मी समोर बसून होतो. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. साहेब कधीचेच बदलून गेले होते. मला कोणाची भीती होती, सांगा?

वाचून झाल्यावर तिनं पानावर तळहात ठेवला. हव म्हणाली नाही. म्हणाली, "अब बता, बाबू. ओ दिन तैं का पढ़े रेहे?" त्या दिवशी तू काय वाचलं होतंस?

मी म्हणालो, "याद नहीं, बाई. बहुत दिन हो गए."

"मोला याद हे," ती म्हणाली. मग कागद माझ्याकडे सरकवला. "ठप्पा मार दे."

मी ठप्पा मारला. 'सत्य प्रतिलिपि.' खाली सही केली. शाई सुकेपर्यंत ती उभी राहिली, मग कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि गेली.

मी निवृत्त झालो. कमान अजून आहे, एका हत्तीची सोंड पडलीय. नाली झाली की नाही मला माहीत नाही. त्या रस्त्यानं जातो तेव्हा मी उताराकडे बघत नाही.

पण मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं. मी वाचलं होतं ते हे — "ग्राम सभा में सर्वसम्मति से निर्णय लिया गया कि नीचे पारा के हैंडपंप से तालाब की मेड़ तक पक्की नाली का निर्माण प्राथमिकता क्रम एक पर किया जाए, एवं यह कार्य पूर्ण होने तक कोई अन्य कार्य न लिया जाए."

दोनदा वाचलं होतं. शब्द एकही चुकला नव्हता.