तीन ओळींचं कार्ड

सन १९८३. मी अडतीस वर्षांचा. धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, उरकला त्याच्या तिसऱ्या दिवशी आरमोरीच्या बसथांब्यावर पत्र्याची पेटी घेऊन उभा होतो. पोचवायला बाबा आले होते. पायावर धानाच्या बांधीतला चिखल तसाच वाळलेला. घुग्घुसच्या खदानीत मला कोळसा भरायचं काम लागलं होतं आणि बाबांना ते पटलं नव्हतं. बस लागली तेव्हा एवढंच बोलले, "जा. पण कापणीले ये. माह्या एकट्यानं होत नाई आता."

"येईन. दहादा सांगाची गरज नाई," मी म्हटलं, आणि खिडकीतून मागे पाहिलंही नाही.

माझं शिक्षण चौथी. तरी लिहितो. जे गाव सोडून गेले त्यांना हे समजेल, जे मागे राहिले त्यांना जास्त समजेल.

घुग्घुसला ऋतू दिसत नव्हता. पानांवर बारा महिने एकच काळा थर, आणि खाली उतरलं की ऊन काय, थंडी काय, सारखीच. गावात नाकाला महिना कळायचा. फुलोऱ्यावर आलेल्या धानाचा वास मी खोलीत, डोळे मिटून, आठवून आठवून घ्यायचो. अशात आमच्या वस्तीतल्या विहारात एक गुरुजी रविवारी वाचन घेऊ लागले. त्यांनी हायकू शिकवला. जपानातली कविता, तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, ऋतूचं काहीतरी आत पाहिजे. "आणि डोळ्यांनी पाह्यलं तेच लिहाचं, भाऊ," असं ते प्रत्येकाला बजावत.

मला तो नादच लागला. फावडं मारताना अक्षरं मोजायचो. सोबतचे हसायचे. "सुखदेवभाऊ कोळसा मोजून भरते राजा." हसू दे म्हटलं. चौथी शिकलेला माणूस कविता करतो, हे त्यांना कुठून सोसावं.

दिवाळी झाली. एका सोमवारी घरून कार्ड आलं. बायको पंचफुला, तिला लिहिता येत नसे. गावच्या डाकवाल्याकडून लिहून घ्यायची. "धान पिकला. बाबाची कंबर धरली हाय. आभाळ येऊन राह्यलं. लवकर या."

येत्या रविवारी विहारात ऋतूवरच्या हायकूंचं वाचन होतं. माझा नंबर पहिला होता. मी विचार केला, आठ दिवसांनी काय बिघडते, सोमवारी निघू. आणि त्याच संध्याकाळी उत्तर म्हणून कार्डावर माझा हायकू लिहून टाकला. खाली सही. दुसरं काही लिहिलं नाही. जागा पुष्कळ होती.

कापला धान
बांधीत उरला तो
बगळा एक

शनिवारी पाळी संपवून वर आलो तर रस्ता ओला. रविवारी वाचलं. विहार भरला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोनदा वाचायला लावलं. गुरुजींनी फळ्यावर लिहून घेतलं आणि विचारलं, "कापणीले जाऊन आले वाटते?"

मी म्हटलं, "हो."

सोमवारी रजा टाकून निघालो, दुपार कलताना गावात पोचलो. घरी कोणी नव्हतं. बांधीवर गेलो. आमचा धान पाण्यात लोळलेला होता. पंचफुला गुडघाभर चिखलात, भिजल्या लोंब्या वेगळ्या करत. बाबा बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून, शेजारचे दोघंतिघं उभे.

पंचफुलानं मान वर केली. "आले का? आन् तुमचे मजूर कुठी हायत?"

"कायचे मजूर?"

"कार्डात लिहिलं ना तुमी, कापला धान म्हणून. डाकवाल्यानं दोनदा वाचून दाखवलं. बाबा म्हणे, सुखदेवनं तिकून माणसं ठरवली, कापला समजा. गुरुवारी हे सारे कापाले येऊन राह्यले होते. बाबानंच वापस पाठवले."

शेजारचा एक जण म्हणाला, "गावभर सांगत होता म्हातारा, माह्या पोरानं घुग्घुसवरून बंदोबस्त केला म्हणून." तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मी वाकून विळा घ्यायला गेलो. बाबा म्हणाले, "राहू दे. तुयं कापून झालं."

चुकलं, बाबा. एवढेच दोन शब्द म्हणायचे होते, चार लोकांदेखत. मी म्हटलं, "ते कविता होती. तुमाले समजणार नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग धानाकडे. पुढच्या कापणीला बाबा नव्हते.

नंतर पंचफुला घुग्घुसला आली, बांध्या विकल्या गेल्या, आता मुलं आम्हाला इथलेच समजतात. कापणीच्या दिवसांत पंचफुला अजून म्हणते, "लिवा ना काही, कवी." हायकू मी पुष्कळ लिहिले, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेला बारा वर्षांनी लिहिला आणि कुठे वाचला नाही.

भिजला धान
लोंबीतच फुटले
हिरवे कोंब

घर कुठं, असं कोणी विचारलं तर मी आजही आरमोरीकडचं गाव सांगतो. पण ज्या बांधीत शेवटची कापणी मी केली नाही, तिला माझी म्हणायला जीभ वळत नाही. ती बाबांची आणि पंचफुलाची.

बाबा 'राहू दे' म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं दारात तीन विळे काढून ठेवले. एक तिचा, एक बाबांचा, एक माझा. ते दोघं आपापला उचलून बांधीकडे निघाले, बाबा कमरेवर हात ठेवून. मी पिशवी उचलली आणि आरमोरीहून सुटणारी पहिली बस धरली.