कोटातला ड्रायव्हर

आमच्या दुकानाच्या उंबऱ्याशी आले की काका थांबायचे. आधी डावीकडं बघायचे, मग उजवीकडं, आणि मगच पाय आत टाकायचे. डावीकडं भेळेची गाडी, उजवीकडं मोबाईलवाल्याचा बोर्ड. मधून काहीच यायची शक्यता नाही. पण सवय म्हणजे सवय. काका लहानपणी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले, दारापुढंच रूळ. आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं, की दोन्हीकडं बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. क्वार्टर सुटली, धपाटे घालणारा हात थकला, तरी काका देवळात शिरताना पण असेच थांबायचे. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढताना त्यांनी डावं-उजवं केलं, तर मागची सगळी लाईन बघायला लागली, काय येतंय म्हणून.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच. तुम्ही त्याला बघून गालात हसत असाल. मला नुसतं हसून भागत नाही, मला त्याची नक्कल करावी लागते. शाळेत मी हेडसरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती आणि निम्मी शाळा घरी पोचली होती. तर एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी दुकानातल्या पोरांना काका करून दाखवत होतो. उंबरा, थांबणं, मान वळवणं, सगळं. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मागं काका उभे.

म्हटलं, आता मार खातोय आपण.

काका म्हणाले, "उजवीकडं बगताना मान कमी वळली तुजी. मालगाडीखाली गेला असतास."

आणि आत येऊन स्टुलावर बसले. तेव्हापासून आमचं जमलं.

काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. तिसगाव, सोनई, अकोले, जिल्ह्यातल्या सगळ्या खड्ड्यांशी त्यांची वैयक्तिक ओळख. त्यांचे वडील मात्र इंजिनड्रायव्हर, ते पण कोळशाच्या इंजिनावरचे. म्हाताऱ्यानं पोराच्या नोकरीचं कधी कौतुक केलं नाही. काका वडलांचा आवाज काढून सांगायचे, "स्टेरिंग फिरवावं लागतं ती कसली रं गाडी? गाडीला सोताला कळाया पायजे, कुटं जायचं ते." बहुतेक त्यामुळंच काकांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलेलं. मी बोलता बोलता भरकटलो की, "रुळावर ये." आमच्या दुकानाचे मालक भाव सांगताना घुटमळले की, "मालक, रुळावर या." स्वतःच्या बायकोला फोनवर पण तेच.

आमचं दुकान वांबोरीत. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे फ्लेक्स. काकांना यातलं काहीच लागायचं नाही. ते यायचे पेनड्राईव्ह घेऊन, आणि त्यात नुसती वाफेची इंजिनं. कुठल्या रिटायर गार्डाच्या अल्बममधली, कुणाच्या जुन्या कॅलेंडरवरची, रेल्वेवेड्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली. गोदावरीच्या लोखंडी पुलावर धूर सोडत चाललेली मालगाडी. नळाच्या सोंडेखाली पाणी पीत उभं असलेलं इंजिन. दगडी कमानींचा पूल, वर गाडी आणि खाली कमानीच्या सावलीत शेळ्या. खरं सांगतो, मी दिवसभर पुढाऱ्यांची तोंडं गोरी करणारा माणूस, पण ते काळे-पांढरे फोटो स्क्रीनवर मोठे केले की माऊस हातातच राहायचा.

काका स्क्रीनला नाक लावून बघायचे. "न्हाई. ह्यो पूल न्हाई. फुडचा." पुढचा दाखवला की, "ह्यो बी न्हाई."

मी म्हटलं, "काका, एवढी इंजिनं जमवून तुम्ही काय शेड काढताय का?"

दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून त्यांनी एक फ्रेम आणली. फ्रेममध्ये एक कोटवाले गृहस्थ. निळं बॅकग्राऊंड, टाय, भांग चोपलेला, ओठ गुलाबी.

"ह्ये आमचं वडील."

आता तुम्हाला माहितीय, आपल्याकडं माणूस गेला की त्याला कोट चढतो. जन्मभर बंडीवर राहिलेला माणूस भिंतीवर टाय लावून बसतो. आमच्या कॉम्प्युटरातसुद्धा असा एक कोट आहे. निम्मी वांबोरी त्या एकाच कोटात गेलीय. काकांच्या वडलांचा आख्ख्या आयुष्यात एकच फोटो होता. घाटातल्या दगडी पुलावरून इंजिन चाललेलं आणि खिडकीतून ते वाकून बघतायत. म्हातारा वारल्यावर काका तो फोटो घेऊन नगरला एका स्टुडिओत गेले. "मीच सांगितलं हुतं," काका म्हणाले, "जरा चांगल्या कापडात दावा." त्या स्टुडिओवाल्यानं कात्रीनं तोंड तेवढं कापलं, कोटावर चिकटवलं, रंग भरला, फ्रेम दिली. काकांना तेव्हा लई आवडली. भिंतीला लावून महिना झाल्यावर त्यांच्या डोक्यात आलं, बाकीचा फोटो कुठाय? परत गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "कसलं इंजिन?"

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"कोट काढ आन् इंजिनावर बशीव."

हसायला आलं मला. पण काका एवढे हट्टाला का पेटले होते ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

काकांची आई तेव्हा अजून होती. वाळून खारकेसारखी झालेली, पण आवाज खणखणीत. ती आता रोज रेल्वे क्वार्टरमध्येच राहायची, म्हणजे तिच्या डोक्यात. नवरा ड्युटीवर गेलाय, येईल. आणि भिंतीवरच्या फ्रेमला ती काही नवरा मानायला तयार नव्हती. तिच्या नवऱ्यानं कधी कोट घातला नव्हता. तो तिच्या हिशेबानं रेल्वेचा कुणीतरी मोठा साहेब होता, तपासणीला आलेला आणि जायचं नाव न घेणारा. ती फ्रेमपुढं डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी राहायची. काकूला सांगायची, "अगं, सायबाला च्या दे." काकू कप ठेवायची. तो चहा मग काका प्यायचे. "सायबाच्या वाटचा मलाच घ्यावा लागतो," म्हणायचे. "बिनसाखरंचा कर म्हनलं तर आई म्हनती, सायबाला फिका देता व्हय?"

इथपर्यंत गंमत. पण मी गेलो त्या दिवशी ती साहेबाकडं अर्ज करत होती.

"सायब, दिवाळीच्या पाडव्याला तरी ह्यांना रजा द्या वो. कदीची आंगुळ घातली न्हाई म्या त्यांना. लई कोळसा बसलाय त्यांच्या अंगावर."

नवऱ्याच्याच फोटोला नवऱ्याची रजा मागत होती ती. काका दारात उभे राहून चपलेचा अंगठा बघत होते. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी खिडकीमागून जाड साहेबी आवाज काढला, "ठीक आहे, ठीक आहे! रजा मंजूर!"

म्हातारी अशी खुलली म्हणता! पदराआड हसली. काकूला म्हणाली, "ऐकलंस का? मंजूर झाली." आणि मग फ्रेमकडं वळून, "मंग येत्याल ना नक्की?"

साहेब खिडकीखाली दडून बसले.

त्या दिवसापासून म्हातारीची तयारी सुरू. उटणं आणलं का, पाट कुठाय, बंब घासा. रोज विचारायची, पाडवा किती लांब राहिला. काका दुकानात आले, डावीकडं-उजवीकडं बघून आत आले आणि स्टुलावर बसले. वाटलं झापतील. ते शांतपणे म्हणाले, "रजा तू मंजूर केलीस. आता मानूस आनून दे."

मग काकांनी नगरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचा पत्ता काढला. त्यांना तरुणपणी गाड्यांचे फोटो काढायचा नाद होता. काका त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, दिवसभर अल्बम चाळले, आणि संध्याकाळी फोटो घेऊनच आले. तोच पूल. मागं कमानी, पुढं वळणावर पुलाबाहेर पडणारं इंजिन, वर धुराचा लोट पार डोंगराला टेकलेला. खिडकीत अंधार होता, पण एक कोपर बाहेर आलेलं स्पष्ट दिसत होतं.

"काका, हे तुमच्याच वडलांचं कोपर असलं तर?"

"रुळावर ये," काका म्हणाले. "कुनाचंबी असू दे. त्या कोपराला आपला म्हातारा चालतोय का, त्ये बग."

मी फ्रेममधलं तोंड स्कॅन केलं, कोटापासून सोडवलं आणि खिडकीत बसवलं. आणि हाताला वळण पडलेलं असतं ना, तसं सवयीनं गोरं केलं, चमकवलं, सुरकुत्या पुसल्या. शिवाय धुरामुळं फोटो मळकट दिसतो म्हणून धूर काढून निळं आभाळ टाकलं. काकांनी बघितलं, नाक लावून बघितलं.

"ह्यो तर उमेदवार झाला," म्हणाले. "याच्या खाली 'आपला नम्र' लिव्ह."

मग तीन-चार दुपारी काका शेजारी स्टूल ओढून बसले. आधी धूर परत आणला. मग स्टुडिओवाल्यानं रंगवलेले डोळे. "बारीक कर. वाऱ्याकडं बगनारा मानूस हाय त्यो, कॅमेऱ्याकडं न्हाई." मग कोळसा. मी सगळीकडं सारखा काळा फासला, तर म्हणाले, "आसा न्हाई बसत. डोळ्याभवती पांढरं ऱ्हातं. घामाचा ओघळ कानापासनं हनुवटीपर्यंत. आन् डोस्क्याला फडकं." सांगता सांगता मधेच थांबले. म्हणाले, "भट्टीपुढं फावड्यावर वांगं भाजून घरी आनायचा. आई त्याचं भरीत करायची. भरताला बी कोळशाचा वास आन् बापाला बी."

भांग पुसला, गुलाबी ओठ पुसले, टायचा राहिलेला तुकडा पुसला. हळूहळू कोटवाला साहेब गेला आणि खिडकीत एक दमलेला, धुरकटलेला, कुठंतरी लांब बघणारा माणूस आला. काका स्क्रीनला हात जोडायला गेले आणि मी बघतोय म्हणून डोकं खाजवलं.

मालक म्हणाले, लॅमिनेशन करून देऊ का? पण पाडव्याची सकाळ होती, मशीन गरम व्हायला वेळ लागतो, काका थांबायला तयार नव्हते. प्रिंट तशीच घेऊन आम्ही गेलो.

म्हातारी अंगणात पाटाशेजारी बसलेली. तांब्यात ऊन पाणी, वाटीत तेल, वाटीत उटणं. काकांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. ती वाकली. आधी पुलावरून बोट फिरवलं, मग इंजिनावरून, मग बोट खिडकीशी थांबलं. लिंबाएवढं तोंड होतं ते. काकू आणि मी बाजूला. काका तर असे उभे, जसं काही निकाल लागणार आहे.

"आले व्हय," म्हातारी म्हणाली. "तोंड बगा कसं झालंय."

तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि फोटोतल्या तोंडावरचा कोळसा पुसायला लागली.

आमची शाई म्हणजे तुम्हाला माहितीय, थेंब पडला तरी पसरते. मी झपकन पुढं झालो, "आज्जी, आज्जी, थांबा..." काकांनी माझं मनगट धरलं. एसटीचं स्टेअरिंग वळवलेला हात, हलता येईना.

"पुसू दे," ते म्हणाले.

ती पुसत राहिली. पदर काळा झाला तशी तिला आणखीच खात्री पटली. "रोजचंच हाय ह्यांचं," म्हणाली.

मग ते चालूच राहिलं. आठवडा-पंधरवडा गेला की काका दुकानात हजर. "धुतलं तोंड. नवा काड." मी काढायचो. मालक दर वेळी म्हणायचे, "अहो काका, एकदा लॅमिनेट करून टाका, शंभर वर्षं टिकेल." काका म्हणायचे, "मंग ती पुसनार काय?" कोटाची फ्रेम तोवर माळ्यावर गेलेली. म्हातारीनं एकदाच विचारलं, सायब दिसत न्हाईत? काका म्हणाले, "बदली झाली. भुसावळला." ती म्हणाली, "चांगला हुता बिचारा. रजा दिली त्यानं."

उन्हाळा संपत आला तसे काका बरेच दिवस दिसले नाहीत. आले ते एका दुपारी, डोक्यावर टोपी. टोपीखाली केस नव्हते. मी उठून फाईल उघडायला लागलो. म्हटलं, एक काढू का दोन?

"नवा नगं."

त्यांनी पिशवीतून शेवटचा फोटो काढला. खिडकीतलं तोंड पुसून पुसून पांढरं पडलेलं. त्याच्याखाली ओल्या पदराचा काळा ओघळ इंजिनावरून पार पुलापर्यंत उतरलेला. एका कमानीवर बोटाचा तेलकट ठसा.

"ह्यालाच कागद चडीव," काका म्हणाले. "वरनं काय पुसू नगंस."

मशीन गरम होईपर्यंत ते उभेच होते. फोटो ऊन ऊन बाहेर आला. मी म्हटलं, काका, थोडा गार होऊ द्या, चटका बसेल. त्यांनी ऐकलं नाही. सदऱ्याची बटणं सोडली, तसाच आत, उघड्या छातीशी धरला, आणि बाहेरच्या उन्हात चालायला लागले.