डाक आवृत्तीतला दुहेरीचा सामना

आमच्या दैनिकाची डाक आवृत्ती संध्याकाळी लवकर बंद होते. खेड्यांत अंक पहाटे पोचायचा म्हणून क्रीडा पान साडेसहाला सोडावं लागतं. शहर आवृत्तीला त्यानंतर बराच वेळ मिळतो. त्यामुळे एकाच दिवसाच्या अंकात पिशोरला एक बातमी जाते आणि छत्रपती संभाजीनगरला दुसरी. क्रीडा पान मी अनेक वर्षं लावते आहे, आणि हा फरक मला कधी खटकला नव्हता.

महिलांच्या सांघिक टेनिस स्पर्धेत देश देशाविरुद्ध खेळतो. एका लढतीत तीन सामने असतात, दोन एकेरी आणि एक दुहेरी. त्या वर्षी भारताच्या पाच जणींच्या संघात पाचवी मुलगी आमच्याकडची होती. तिचे वडील शहरातल्या एका क्लबात मार्कर होते. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, जोडीदार आला नाही तर सभासदांबरोबर खेळायचं, हे त्यांचं काम. दुपारी कोर्ट मोकळं असे, तेव्हा मुलगी खेळायला शिकली. पुढे ती पुण्याला गेली. वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ते पिशोरला, गावी परतले.

स्पर्धा परदेशात होती. त्या आठवड्यात ते मला रोज फोन करायचे.

"जयभीम, ताई. आज खेळवली का तिला?"

"नाही काका. आज बाकावरच होती."

"बरं. उद्या बघू." मग हसून म्हणायचे, "इथं हाटेलात पोरं लई पिडायलीत. म्हणत्यात, पोरगी इमानानं बाकावर बसायला गेली का? बाक तर आपल्या शाळंत बी व्हता."

तिच्या निवडीची बातमी आम्ही छापली होती, पण शहर आवृत्तीत. पिशोरात ती कुणी वाचली नव्हती. मुलगी देशाकडून खेळली हे गावाने पेपरात वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

शेवटच्या लढतीत भारत दोन्ही एकेरी हरला. वृत्तसंस्थेची पहिली बातमी सहाच्या सुमारास आली. दुहेरी अजून व्हायची होती. जागा चार इंचाची होती आणि दोन ओळी कमी पडत होत्या. मी शेवटी लिहिलं, 'निकाल निश्चित झाल्याने दुहेरीचा सामना केवळ औपचारिकता ठरला.' सामना सुरूही झालेला नव्हता. असं वाक्य मी आधी अनेकदा लिहिलं होतं. पान गेलं.

अडीच तासांनी दुसरी बातमी आली. दुहेरीत कर्णधाराने पाचव्या खेळाडूला उतरवलं होतं. ती आणि तिची जोडीदार तीन सेटमध्ये जिंकल्या होत्या. शहर आवृत्तीत मी चार कॉलम मथळा केला, तिचा फोटो घेतला. डाक आवृत्ती तोवर छपाईला लागली होती.

सकाळी त्यांचा फोन आला.

"ताई, तिचा फोन आल्ता. खेळली म्हनं. जितली बी. पन पेपरात नाव नाय."

मी आवृत्त्यांचं सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी.

"व्हय, पन इथं लिहिलंय काहीतरी. मास्तरनं हाटेलात मोठ्यानं वाचलं. औप... औपचारिकता. म्हंजे काय ओ?"

"म्हणजे रीत म्हणून करायची गोष्ट, काका."

"म्हंजे नाय खेळली असती तरी चाललं असतं?"

"निकालापुरतं, हो."



"पन पळाली तर असंलच ना ती?"

"पळाली. तीन सेट पळाली."

"मंग तेवढं छापा की ताई. आता पोरं म्हनायलीत, रितीपुरती खेळली. मास्तर बी हसला."

मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, "डाकेला कालची बातमी? शिळी होते गं. गुरुवारच्या जिल्हा पानात बघू." दिवस सोमवार होता. मी शहर आवृत्तीचा एक अंक पाकिटात घातला, त्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि पिशोरला जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवायला सांगितलं.

पाकीट मंगळवारी सकाळी पिशोरच्या वितरकाकडे पोचलं. त्याच सकाळी धाप लागली म्हणून घरच्यांनी त्यांना गाडीत घालून शहरात आणलं. बुधवारी दुपारी दवाखान्यातच ते वारले. अंक वितरकाच्या टेबलावरच होता.

गुरुवारी जिल्हा पानात खेळाची बातमी गेली नाही. निधन वार्ता गेली, तीही मीच लिहिली. पश्चात पत्नी आणि एक मुलगी असा परिवार आहे. भारताच्या संघाकडून खेळलेल्या टेनिसपटू, आणि पुढे तिचं नाव, यांचे ते वडील होत. पिशोरच्या लोकांनी तिचं नाव आमच्या पेपरात पहिल्यांदा वाचलं ते या ओळीत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पिशोरला गेले. मुलगी परदेशातून थेट आली होती, पाठीवरची रॅकेटची पिशवी दाराआड उभी केलेली. बुद्धवंदना झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी दोन्ही आवृत्त्यांची पानं नेली होती. तिने आधी शहराचं पाहिलं, मग डाकेचं वाचलं.

"ही शेवटची ओळ कुणी लिहिली, ताई?"

"मी."

"किती वाजता?"

"सव्वासहाला."

तिने मनात हिशेब केला. "आम्ही तेव्हा कोर्टावर उतरलोही नव्हतो."

"नव्हतात."

ती रागावली नाही. आतून आईने कुणाला तरी चहाचं विचारल्याचा आवाज आला. फोटो असलेलं शहराचं पान तिने घडी करून माझ्याकडे परत दिलं आणि दुसरं ठेवून घेतलं.

"बाबांनी हेच बघितलंय," ती म्हणाली.