सुईला जोडप्यानं बसवणाऱ्या सिस्टर

कांबळे सिस्टर गेल्याचं कळलं तेव्हा गिरणीत गव्हाचं दळण चालू होतं. निरोप घेऊन आलेल्या त्यांच्या भाच्यानं दोनदा सांगितलं, आणि पट्ट्याच्या आवाजात दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं... मग गिरणी बंद केली. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण कुणासाठी ते कळल्यावर तीच डबे तिथंच ठेवून माझ्यापुढं निघाली. त्याला आता महिना होऊन गेला.

सिस्टर आमच्या भरे गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मुंबईतली गोदामातली नोकरी सोडून गावात गिरणी टाकली होती. येताना काय घेऊन आलो, ते कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं. मुंबईत मी नको त्या गल्लीत गेलो होतो. थोड्याच दिवसांत नको तिथं एक जखम उठली. दुखेना, खुपेना. घाबरून देवाला नारळ बोललो, आणि काही आठवड्यांत ती आपोआप वाळली! मी गावी येऊन नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि पुढच्याच लगीनसराईत बोहल्यावर चढलो. अकलेच्या नावानं सगळा आनंदच होता.

बायकोला दिवस गेले. सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. दुसऱ्या खेपेलाही तेच. आईनं आधी अंगारे-धुपारे केले, मग माझ्यासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली. "हिच्यातच खोट हाय," असं ती चारचौघीत म्हणायची. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ठरूनच गेलं होतं, की या खेपेला मूल जगलं नाही तर बायको माहेरी जाणार, कायमची. मी तोंडातून ब्र काढला नाही.

सिस्टरनी तिसऱ्याच महिन्यात तिचं रक्त काढून तपासणीला पुण्याला पाठवलं. उत्तर आलं तशा त्या दुपारी गिरणीत आल्या. आम्ही दोघंच होतो.

"गरमी हाय तिला, सिफिलिस म्हनत्यात त्यो रोग, आन् ती तुज्याकडनं आलीया. जखम झाली हुती का?"

मी नारळाचं सांगितलं.

"जखम वाळली रं, रोग न्हाई वाळला. त्यो रगतात बसलाय. आता पेनिसिलीन. आठवड्याला एक सुई, अशा तीन."

"मग द्या की तिला."

"एकलीला दिली तर ती बरी हुईल, आन् परत तुज्याकडनंच घिईल. पूजंला बसता तसं सुईला जोडप्यानं बसायचं. आन् कारण तिला तू सांगायचं, म्या न्हाई."

पौडच्या दवाखान्याच्या वाटेवर मी सांगितलं. मला वाटलं, ती तिथूनच माहेरची वाट धरेल. ती बांधावर बसली, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "म्हंजी माजी दोनी लेकरं माज्यामुळं न्हाई गेली?" आणि रडायला लागली. तिला राग यायला हवा होता, तो पुढं पुष्कळ आला. पण त्या दिवशी ती सुटल्यासारखी रडली. तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सुया भयंकर दुखायच्या. तिन्ही आठवडे आम्ही शेजारी शेजारी बसून घेतल्या, आणि शेवटच्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या मुलीचा विषय त्या दिवशी जो संपला तो संपलाच. दिवस भरले आणि पोरगी झाली, सबंध आळी जागी करील अशी रडणारी! बौद्धवस्तीतल्या म्हणून सिस्टरच्या हातचं पाणी न पिणाऱ्या माझ्या आईनं बारशाला त्यांना माजघरात बसवलं, पोरगी आधी त्यांच्या मांडीवर दिली, आणि त्यांनी पुढं केलेल्या तांब्यातलं पाणी सगळ्यांदेखत प्यायली.

पुढं मुंबईहून येणारी पोरं दळणाचं निमित्त काढून गिरणीत रेंगाळायला लागली. न दुखणारी जखम असो, लघवीला आग असो की पू जात असो, मी एकच सांगायचो, "नारळ नको, सिस्टरकडं जा. आणि बायकोला घेऊन जा." किती घरांत पाळणे हलले, ते सिस्टर जाणोत. त्यांनी एकाचंही नाव दुसऱ्याला सांगितलं नाही, पण रोगाचं नाव मात्र कधी चोरून घेतलं नाही.

हा लेख लिहिताना मी आधी 'एक आजार' असं मोघम लिहिलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"सिस्टरनं कदी आवाज बारीक केला न्हाई, मग तुमी कशाला करता? गरमी म्हना."

मी खोडून लिहिलं.

"आन् माजं नाव कुटं हाय?"

"नाव कशाला? लोक काय म्हणतील?"

तिनं ताट खाली ठेवलं. "चारचौघीत माज्यात खोट काडली, तवा नाव घिऊनच काडली हुती."

तिचं नाव सुभद्रा. खोट तिच्यात नव्हती, माझ्यात होती. ती सिस्टरनी काढली.